केनियाची लाइट रोस्ट कॉफी पहिल्यांदाच हातात आली असेल तर

नैरोबीत नोकरीला लागून आठ महिने झाले होते. पहिल्या सुट्टीला सांगलीला आले, तेव्हा बाबांसाठी केनियातल्या न्येरीच्या कॉफीचं पाकीट आणलं. आईने दाणे मिक्सरला फिरवले आणि नेहमीसारखी कॉफी टाकली: दूध, त्यात थोडं पाणी, पूड, साखर, एक चांगली उकळी. उकळी येता येता दुधात बारीक कण दिसायला लागले. बाबांनी एक घोट घेतला, कपात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "कॉफी आहे की सोलकढी?"

पाकिटात खोट नव्हती आणि आईच्या हातातही नव्हती. आपण जिला कॉफी म्हणतो तिच्यापेक्षा ही कॉफी अगदी वेगळी असते, एवढंच आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तोपर्यंत मलाही ती नीट जमत नव्हती. पुढे तीन वर्षं तिथे काढली, बरीच पाकिटं वाया घालवली, एका फॅक्टरीवर जाऊन आले, तेव्हा कुठे घडी बसली. तुम्ही नैरोबीला नव्याने राहायला आला असाल किंवा तिथून कुणी तुम्हाला असं पाकीट दिलं असेल, तर तुमचे काही दाणे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी हाताशी काय हवं

- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. चमच्याने मोजू नका. हे दाणे घट्ट आणि जड असतात, त्यामुळे चमच्याचं माप फसवतं.
- हाताने फिरवायचा ग्राइंडर, आत दातेरी चकत्या असलेला. पात्याचा नको. कारण पुढे येईल.
- शंकूच्या आकाराचा ड्रिपर आणि त्यात बसणारे कागदी फिल्टर. हारिओचा व्ही-६० सगळीकडे मिळतो, प्लास्टिकचाच घ्या. स्वस्त असतो आणि पाण्याची उष्णता खात नाही.
- किटली. बारीक नळीची असेल तर उत्तम, नसेल तर चोच असलेलं भांडं चालतं.
- मोबाईलमधलं घड्याळ, एक जाड काचेचा पेला, एक चमचा.

ड्रिपर आणि किटली लगेच घेऊ नका. चौथ्या पायरीपर्यंत त्यांची गरज पडत नाही.

१. पाकीट वाचायला शिका

चांगल्या पाकिटावर साधारण एवढं छापलेलं असतं: काउंटी म्हणजे जिल्हा (न्येरी, किरिन्यागा, मुरांगा, एंबू), शेतकऱ्यांची सहकारी संस्था, फॅक्टरीचं नाव, झाडाची जात, दर्जा, प्रक्रिया आणि भाजल्याची तारीख.

"सिंगल ओरिजिन", म्हणजे एकाच ठिकाणची, असं वाचून एका शेतकऱ्याचा मळा डोळ्यांपुढे आणू नका. माउंट केनियाच्या उतारावर बहुतेकांकडे कॉफीची काहीशे झाडं असतात. मका, केळी, चारा, एखादी गाय आणि मधे कॉफी. एवढ्या मालावर प्रत्येकाने वेगळी यंत्रं लावणं परवडत नाही, म्हणून शेकडो घरांची फळं एका फॅक्टरीवर येतात आणि पाकिटावर फॅक्टरीचं नाव लागतं. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: माल घालायचा, वजनाची पावती घ्यायची आणि बिलाची वाट बघायची. न्येरीतल्या गिकांडा संस्थेचं नावच तिच्या तीन फॅक्टऱ्यांच्या आद्याक्षरांतून झालंय: गिचाथाइनी, कांगोचो, न्दारोइनी.

जातीच्या रकान्यात एसएल-२८ आणि एसएल-३४ दिसतील. नैरोबीजवळ काबेटेला स्कॉट लॅबोरेटरीज होती, तिथे १९३० च्या दशकात निवडलेली ही झाडं. एसएल म्हणजे स्कॉट लॅबोरेटरीज. चवीला नामी, रोगाला नाजूक. रुइरू-११ आणि २०१० मध्ये आलेली बातियान या रोगाला दाद न देणाऱ्या जाती आहेत. एकाच पाकिटात या सगळ्या मिसळलेल्या असतात, त्यात गैर काही नाही.

आता पहिला सापळा: दर्जाच्या रकान्यातला एए म्हणजे चवीचा पहिला नंबर नव्हे. तो दाण्याचा आकार आहे. चाळणीवर साधारण ७.२ मिलिमीटरच्या वर राहिला तो एए, त्याखालचा एबी, आणि फळात दोनऐवजी एकच गोल बी धरलं तर पीबी. एएच्या नावावर जास्त पैसे मोजून मी घरी आणलेल्या पाकिटापेक्षा त्याच फॅक्टरीचं एबी कितीतरी सरस निघालं होतं.

दुसरा सापळा तारखेचा. नुसतीच "अमुक तारखेपूर्वी वापरा" असेल आणि भाजल्याची तारीख नसेल, तर पाकीट परत ठेवा. नैरोबीच्या सुपरमार्केटात जी कॉफी समोर मांडलेली असते ती माझ्या पाहण्यात बहुतेक मध्यम किंवा गडद भाजलेली असते. लाइट रोस्ट, म्हणजे हलकी भाजलेली, हवी असेल तर छोट्या रोस्टरकडे, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्याकडे, जाऊन मागा. आणि केनियात राहणारा प्रत्येक जण कॉफीतला दर्दी असेल ही अपेक्षा ठेवू नका. तिथे घरोघरी दुधाचा चहा उकळतो, कॉफी बहुतेक सगळी परदेशी जाते. मोंबासाकडे फेरीवाले पितळी भांड्यातून "कहावा चुंगू" विकतात, म्हणजे कडू कॉफी. तीही जरूर प्या, पण तिचा या पाकिटाशी संबंध नाही.

२. आंबट लागली म्हणजे बिघडली असं नाही

हे डोक्यात बसलं नाही तर पुढच्या सगळ्या पायऱ्या फुकट जातात, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

नोव्हेंबरमध्ये, मुख्य तोडीच्या दिवसांत, एका सहकाऱ्याच्या गावी न्येरीला गेले होते. फॅक्टरी म्हटल्यावर मला धुराडं आणि भोंगा अपेक्षित होता. होती ती एक पत्र्याची शेड, उतारावर बांधलेले सिमेंटचे हौद आणि त्यांना जोडणारे लांब पन्हळ. शेडबाहेर बायका तागाच्या पोत्यांवर आपापली लाल फळं ओतून बसल्या होत्या. आपण तांदूळ निवडतो तशी निवड चालली होती: हिरवं फळ एका बाजूला, काळं पडलेलं दुसऱ्या बाजूला, आणि लालच तेवढी वजनाला. माझ्या शेजारच्या आजींनी एक फळ चिमटीत दाबून दाखवलं. गुळगुळीत, चिकट दोन बिया बाहेर आल्या. गर चाखला तर चक्क गोड.

त्याच दिवशी यंत्रावर फळाची साल निघते. बिया हौदात रात्रभर आंबतात, म्हणजे त्यांच्यावरचा चिकट थर सुटतो. हौदाजवळ ताकाच्या रवीला येतो तसा वास होता. मग पन्हळातून भरपूर पाणी सोडून, लाकडी फळ्यांनी ढकलत बिया धुतात. जड दाणे तळाशी बसतात, हलके वाहून पुढे जातात, आणि तिथेच मालाची पहिली प्रतवारी होते. पुष्कळ फॅक्टऱ्यांत त्यानंतर स्वच्छ पाण्यात पुन्हा एकदा भिजवतात. शेवटी जाळीच्या उंच मांडवांवर दोनेक आठवडे वाळवण. दुपारचं ऊन कडक झालं की झाकायचं, रात्री झाकायचं, मधे हाताने परतत राहायचं. वाळत आलेल्या बियांचा हाताखाली कवड्यांसारखा खुळखुळाट होतो. भाजायला तयार असा एक किलो दाणा मिळायला सहा-सात किलो फळं लागतात.

पाकिटावर प्रक्रियेच्या रकान्यात "वॉश्ड" म्हणतात ते हेच. वाळण्याआधीच गर गेलेला असतो, त्यामुळे आंबूस, दारूसारखी चव दाण्याला चिकटत नाही. राहते ती दाण्याची स्वतःची. सतराशे-अठराशे मीटर उंचीवर फळ सावकाश पिकतं आणि दाण्यात लिंबातलं, सफरचंदातलं तेच आम्ल साठतं. जास्त भाजलं की ही आम्लं मोडतात आणि कडूपणा वर येतो. हलकं भाजलं तर ती टिकतात. म्हणून हा दाणा दालचिनीच्या रंगाचा असतो, त्याच्यावर तेलाची चकाकी नसते, आणि म्हणून तो आंबट लागतो.

इंग्रजी पाकिटावर चवीच्या ओळीत "ब्लॅककरंट" लिहिलेलं असतं. मी तो कधी खाल्ला नव्हता, त्यामुळे शोधायचं काय तेच कळेना. एकदा कॉफी निवू दिली आणि अचानक करवंदं आठवली. पिकलेली काळी, चीक सुकलेली. तुम्हाला जांभूळ सापडेल. काही फॅक्टऱ्यांच्या कॉफीत टोमॅटोच्या साराची झाक असते, दचकू नका.

३. पाकीट लगेच फोडू नका

"जितकी ताजी भाजलेली तितकी चांगली" हे इथे पूर्ण खरं नाही. भाजल्यावर दाण्यातून बरेच दिवस कार्बन डायऑक्साइड निघत राहतो आणि लाइट रोस्टमध्ये तो हळू निघतो. भाजल्यापासून दोन आठवडे थांबा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चव सगळ्यात मोकळी होते, हा माझा अनुभव. आठवड्याच्या आत फोडलेलं पाकीट मला दरवेळी बंद-बंद, धातूसारखं लागलंय.

उघडल्यावर हवाबंद डब्यात, गॅसपासून लांब. फ्रिजमध्ये नको, शेजारच्या लसणाचा वास घेते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं तर आठवड्यात मान टाकते. जास्त असेल तर एकेका कपापुरत्या छोट्या पिशव्या हवा काढून बंद करा आणि फ्रीझरमध्ये टाका. लागेल ती एक काढायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

४. पहिला कप पेल्यात करा

कॉफीवाले चव तपासताना जे करतात तेच घरी करायचं. यात चुकायला फारशी जागा नाही.

पेल्यात ११ ग्रॅम पूड घ्या, जाड्या रव्यापेक्षा किंचित भरड. त्यावर नुकतं उकळलेलं २०० ग्रॅम पाणी एकदम ओता. चार मिनिटं हात लावू नका. वर चोथ्याची साय जमेल. चमच्याच्या पाठीने ती तीनदा हलकेच मोडा आणि त्या वेळी नाक पेल्याजवळ न्या, सगळ्यात जास्त वास तेव्हाच येतो. वर राहिलेला फेस चमच्याने काढून टाका. आणखी आठ-दहा मिनिटं थांबा. चोथा तळाशी बसला की चमच्याने वरवरची कॉफी घ्या आणि आवाज करत भुरका मारा. वरण-भातावर ओरडणारी आजी आसपास नसेल असं बघा.

कोमट झाल्यावर पुन्हा चाखा, गार झाल्यावर पुन्हा. गरमागरम असताना ही कॉफी फारसं बोलत नाही.

ही चव लक्षात ठेवा. पुढे ड्रिपरमधून जी येईल तिची तुलना हिच्याशी करायची आहे.

५. दळणं

मिक्सरचं पातं दाणे दळत नाही, फोडतं. अर्धं पीठ होतं, अर्धं कणीसारखं राहतं. पिठातून कडूपणा उतरतो, कणीतून कच्चा आंबटपणा, आणि एकाच कपात दोन्ही येतात. लाइट रोस्टचा दाणा कठीण असल्याने हा घोळ आणखी वाढतो. अगदी मिक्सरच असेल तर चटणीच्या कोरड्या भांड्यात दोन-दोन सेकंदांचे झटके द्या, भांडं हलवत राहा आणि मैद्याच्या चाळणीने पीठ चाळून टाका. कॉफी थोडी वाया जाते पण पिण्यालायक होते. आणि भांड्याला मिरचीचा वास असेल तर सरळ उद्यावर ढकला.

ड्रिपरसाठी जाड्या रव्याइतकं दळण हवं. दुकानातून दळून आणू नका. पूड काही दिवसांतच वास सोडते आणि मुख्य म्हणजे पुढे जाड-बारीक करून चव सुधारायची सोय जाते.

दक्षिणी पद्धतीच्या स्टीलच्या फिल्टरमध्ये होईल का, असं बरेच जण विचारतात. होईल, पण त्या फिल्टरची रचना गडद भाजलेल्या, बहुधा चिकोरी घातलेल्या बारीक पुडीसाठी आहे. त्यातून उतरलेला लाइट रोस्टचा डिकॉक्शन म्हणजे नुसता लिंबू पिळलेला काढा. तुमचा फिल्टर तुमच्या कॉफीसाठी ठेवा.

६. पाणी

माझी सर्वात जास्त पाकिटं इथे वाया गेली. बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट असतं, ते आम्लाला मारतं. कॉफी गुळगुळीत आणि मुकी होते. ज्या चवीसाठी एवढे पैसे दिले तीच जाते. उलट आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, त्यात कॉफी एकाच वेळी पोकळ आणि बोचरी लागते. आरओ आणि साधं गाळलेलं नळाचं पाणी मिसळून बघा, निम्मं-निम्मं इथून सुरुवात करा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर असेल तर १०० ते १५० च्या आसपास ठेवा. मुंबईचं तलावाचं पाणी मुळातच मऊ असतं, ते उकळून तसंच वापरा.

तापमान जितकं जास्त तितकं बरं. घट्ट दाण्यातून चव काढायला ९४-९६ अंशाचं पाणी लागतं. नैरोबी जवळजवळ १,८०० मीटरवर असल्याने तिथे पाणी ९४ अंशालाच उकळतं, म्हणून गॅस बंद केल्या केल्या ओता. पुण्या-सांगलीत अर्धा मिनिट थांबलात तरी चालेल.

७. ओतणं

प्रमाण: १५ ग्रॅम पूड, २५० ग्रॅम पाणी.

कागद ड्रिपरमध्ये बसवून उकळत्या पाण्याने धुवा. कागदाचा वास जातो, भांडं तापतं. ते पाणी फेकायला विसरू नका. मी विसरले आहे, एकदा नाही. पूड घाला, थोपटून सपाट करा, काट्यावर ठेवून शून्य करा.

- सुरुवातीला ४५ ग्रॅम पाणी, सगळी पूड भिजेल असं. ड्रिपर हातात धरून हलकेच गोल फिरवा. ४० सेकंद थांबा. पूड फुगून बुडबुडे येतील. जुन्या कॉफीला ते येत नाहीत.
- मग बारीक धारेने, मधून बाहेर गोल-गोल, १५० ग्रॅमपर्यंत.
- पाणी निम्मं उतरलं की उरलेलं, २५० ग्रॅमपर्यंत. पुन्हा एकदा हलकेच फिरवा.

सगळं तीन मिनिटांच्या आसपास उतरायला हवं. चोथा सपाट दिसला तर पाणी सारखं गेलं. एका बाजूला खड्डा पडला तर तिथून पाणी निसटलं.

८. दोन आंबटांतला फरक

कप बिघडला की सगळे आधी पुडीचं प्रमाण बदलतात. ते राहू द्या, दळण बदला.

कच्च्या चिंचेसारखी जिभेच्या कडांना झोंबणारी, पातळ, घोट गिळल्यावर मागे काहीच न ठेवणारी आंबट लागली, तर चव पुरती उतरलेली नाही. दळण एक घर बारीक करा. पिकल्या करवंदासारखी आंबट असेल, मागोमाग गोडी येत असेल आणि निवताना ती वाढत असेल, तर काही करू नका. कॉफी हीच आहे. कच्च्या सुपारीसारखी जीभ कोरडी पडली, तर दळण फार बारीक झालंय किंवा पाणी एका बाजूने गेलंय, एक घर जाड करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पाकिटावरच पेनाने लिहून ठेवायचं.

पुढच्या सुट्टीत बाबांना मी आधी पेल्यातली गार झालेली दिली, काही न सांगता. ते म्हणाले, "सरबत बरं आहे, कॉफी कधी देतेस?" अजूनही ते सकाळी दुधाचीच घेतात, आणि दुपारी कधी तरी हिचा अर्धा कप. दूध लागणारच असेल तर या कॉफीवर हट्ट धरू नका, गडद भाजलेली चिकमगळूरची आणा. कमी खर्चात जास्त सुख मिळेल.

रवांडा किंवा बुरुंडीचं पाकीट असेल तर एक जास्तीची सूचना: क्वचित एखाद्या दाण्याला दळताना कच्च्या बटाट्याचा वास येतो. तो दोष एका दाण्यापुरता असतो, अपाय काही नाही. तेवढी पूड टाकून द्या, ग्राइंडर झटका, पुन्हा दळा. पाकीट फेकू नका.

९. घरी आणताना

भाजलेले दाणेच आणा. "हिरवे घेऊन जा, घरी कढईत भाजा, स्वस्त पडतील" असा सल्ला मला नैरोबीत दोघांनी दिला होता. कच्चा दाणा म्हणजे बी, त्याला भारतात वनस्पती संगरोधाचे (प्लांट क्वारंटाइनचे) नियम लागतात आणि विमानतळावर ते समजावत बसायची वेळ येते. शिवाय कढईत लाइट रोस्ट साधत नाही, बाहेरून करपतो आणि आतून गवतासारखा राहतो.

पाकीट सीलबंद आणि छापील लेबलचं हवं, सुट्ट्या पिशवीत बांधून घेऊ नका. त्याला हवा बाहेर सोडणारी बारीक झडप असते, तिच्यावर चिकटपट्टी लावू नका. मी वास येऊ नये म्हणून लावली होती आणि सांगलीत बॅग उघडली तेव्हा पाकीट फुटून साड्यांच्या घड्यांत दाणे पसरले होते. भाजल्याची तारीख निघण्याच्या आठवडाभर आधीची बघा, म्हणजे घरी पोचून सगळ्यांना भेटून होईतो ती उघडण्याजोगी झालेली असते.